आफ्रिकन हॉटेलात जेवायला जाताना: फोन करण्यापासून पार्सल बांधण्यापर्यंत

वणी, पांढरकवडा, राजुरा या पट्ट्यातल्या माणसाला हैदराबाद नवे नाही. दवाखाना असो, मुलाची परीक्षा असो की यंत्राचा सुटा भाग आणायचा असो, आपली पावले नागपूरइतकीच तिकडे वळतात, आणि बल्लारपूरला गाडीत बसले की दुसऱ्या दिवशी दिल्लीही येते. या शहरांत हौसेने आफ्रिकन हॉटेलात जाऊन आलेले लोक मला गेली काही वर्षे एकाच तऱ्हेच्या तक्रारी सांगत आले आहेत. पोळी आंबट होती आणि गारही होती, शाकाहारी म्हणून मागवलेल्या भाजीला मासळीचा वास येत होता, यादीतले निम्मे पदार्थ मिळालेच नाहीत, आणि एवढे सगळे होऊन परतीची गाडी चुकली ती वेगळीच. त्यांना खोदून विचारले की कळते की बिघाड स्वयंपाकघरात फारसा झालेला नसतो. तो ताट समोर येण्याच्या आधी, फोन न करण्यात आणि ढाब्यावर मागवतो तसे मागवण्यात झालेला असतो. म्हणून खालचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने पाळावेत. पहिले तीन टप्पे घरी बसून उरकण्याचे आहेत आणि नेमके तेच लोक गाळतात.

टप्पा १: आधी देश ठरवा, मग हॉटेल

आफ्रिकेत ५४ देश आहेत, त्यामुळे "आफ्रिकन जेवायचे आहे" या वाक्यातून काहीच ठरत नाही. आपल्या मंडळींत शाकाहारी किती, मांस खाणारे किती, आंबट चव कोणाला चालत नाही, हे मोजून देश निवडावा.

सोबत शाकाहारी माणसे असतील तर फार विचार न करता इथिओपियन जेवण निवडावे. तिथले मुख्य अन्न म्हणजे इंजेरा, ही टेफ नावाच्या अतिशय बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून, एकाच बाजूने भाजलेली, जाळीदार आणि मऊ अशी सुमारे अर्धा मीटर रुंदीची धिरडी असते. इथिओपियातच टेफमध्ये ज्वारी मिसळून किंवा नुसत्या ज्वारीचाही इंजेरा करतात, हे आपल्याकडच्या ज्वारीवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. या इंजेरावर मसूर, वाटाण्याची डाळ, कोबी-गाजर-बटाटा, पालेभाजी असे लहान लहान ढीग घातलेले असतात. शिरो नावाचा पदार्थ तर हरभऱ्याच्या किंवा तशाच कडधान्याच्या भाजलेल्या पिठाचे मसालेदार पिठलेच आहे, आणि आपल्या घरची म्हातारी माणसे बहुधा त्याच्यावरच थांबतात.

मांसाहारी मंडळी असतील आणि हात भरून जेवायचे असेल तर नायजेरिया किंवा घाना निवडावा. तिथे घट्ट रस्सा आणि त्यासोबत कंदाचा घट्ट गोळा अशी जोडी असते, मग तो फुफू असो, एबा असो की कुटलेल्या याम नावाच्या कंदाचा असो. मटणावर प्रेम असणाऱ्यांना सोमाली भातही आवडतो, त्याच्या ताटात केळे ठेवलेले असते आणि ते शेवटी खाण्यासाठी नसून भाताच्या घासाबरोबर खाण्यासाठी असते. केनियाकडचा उगाली म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, तिच्याबरोबर परतलेली पालेभाजी असते. या भाजीचे स्वाहिली नाव सुकुमा विकी, म्हणजे आठवडा ढकलणारी. महिनाअखेरीला आपल्याकडे कोणती भाजी ढकलते ते ज्याने त्याने आठवावे. मोरोक्को आणि इजिप्तचे जेवण मुलांना सर्वांत सोपे जाते, त्यावर जास्त लिहिण्याची गरज नाही.

सावधान: मंदी हा येमेनचा पदार्थ आहे आणि येमेन आफ्रिकेत नाही. हैदराबादला मोठ्या थाळीत मंदी खाऊन "आफ्रिकन खाल्ले" असे सांगणारे आपल्या तालुक्यात बरेच आहेत.

टप्पा २: हॉटेल खरे आहे का ते पाहा

ज्या वस्तीत त्या देशाचे लोक राहतात तिथे जेवण खरे मिळण्याची शक्यता जास्त असते. हैदराबादेत टोलीचौकी भागात सोमाली आणि सुदानी विद्यार्थ्यांचा वावर आहे. दिल्लीत खिडकी एक्स्टेन्शन, मालवीय नगर आणि छतरपूर हा पट्टा, तर बंगळूरात कम्मनहळ्ळी आणि हेण्णूरकडचा भाग याच कारणाने पाहावा. यांतली बरीच ठिकाणे छोटी असतात, काही दुसऱ्या मजल्यावर किंवा घरातच चालतात आणि काही जागा वरचेवर बदलतात. त्यामुळे नकाशात दिसते म्हणून ते आज तिथे आहेच असे धरून रिक्षा करू नये.

पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. नकाशावरचे सर्वांत अलीकडचे फोटो उघडून त्यांची तारीख पाहावी, आणि फोटोंत जेवणारी माणसे कोण आहेत तेही पाहावे. मेन्यू कार्डाचा फोटो असेल तर त्यात देशाचे नाव किंवा त्या देशाचे पदार्थ दिसतात का ते तपासावे. नुसते पेरी-पेरी चिकन, पेरी-पेरी चिप्स आणि बर्गर असे असेल तर तेवढ्यासाठी शहरात जाण्याची गरज नाही, तो मसाला भुरभुरलेले बटाटे आता आपल्या तालुक्याच्या बसस्टँडसमोरही मिळतात.

तपासा: पत्ता, मजला आणि जवळची खूण कागदावर लिहून घ्यावी. मोबाइलची बॅटरी नेमकी गल्लीच्या तोंडाशी संपते.

टप्पा ३: फोन करा, आणि हे प्रश्न याच क्रमाने विचारा

हा टप्पा गाळला तर पुढचे काहीच सांभाळता येत नाही. छोट्या आफ्रिकन स्वयंपाकघरात मेन्यू कार्डावर साठ पदार्थ असले तरी त्या दिवशी मोजकेच शिजलेले असतात, कारण रस्से मोठ्या भांड्यात एकदाच होतात आणि संपले की संपले. इंजेराचे पीठ तर दोन-तीन दिवस आधी भिजलेले असावे लागते. आठ माणसांनी अचानक दारात उभे राहून "इंजेरा द्या" म्हणणे, म्हणजे आपल्या घरी कोणी संध्याकाळी येऊन पानोड्यांची भाजी मागणे आणि डब्यात पानोड्या नसणे.

फोन आदल्या दिवशी एकदा आणि निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा करावा. पहिला प्रश्न उघडण्याच्या आणि स्वयंपाकघर बंद होण्याच्या वेळेचा असावा. या दोन्ही वेळा वेगळ्या असतात आणि पुष्कळ ठिकाणे दुपारी बारानंतरच जागी होतात. दुसरा प्रश्न, "मेन्यूत काय आहे" असा न विचारता "उद्या काय शिजणार आहे" असा विचारावा. तिसरा प्रश्न माणसांचा आणि ताटांचा: आम्ही इतके जण आहोत, किती ताटे पुरतील आणि एका ताटाची किंमत किती. चौथा प्रश्न शाकाहाराचा, त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे. पाचवा प्रश्न कॉफीचा, तोही पुढे येईल. शेवटी आपले नाव आणि येण्याची वेळ सांगावी आणि ती पाळावी.

भाषेची भीती बाळगू नये. हैदराबाद-दिल्लीला फोन उचलणारा बहुधा इंग्रजी किंवा कामापुरती हिंदी बोलतो. आपले इंग्रजी कच्चे असेल तर सावकाश, एका वेळी एकच प्रश्न विचारावा. त्यालाही ती परकीच भाषा आहे आणि सावकाश बोललेले त्यालाही बरे वाटते.

सावधान: "ऑल आयटम्स अव्हेलेबल" हे उत्तर मिळाले तर समाधान मानू नये. पदार्थांची नावे घेऊन विचारावे.

टप्पा ४: वार आणि वेळ

इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बुधवार आणि शुक्रवार हे बहुतेक वर्षभर उपवासाचे वार असतात आणि त्या दिवशी मांस, अंडी, दूध, तूप काहीही चालत नाही. शाकाहारी पदार्थांची निवड त्या दोन दिवशी सर्वांत चांगली मिळते, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी शक्यतो तेच वार गाठावेत. त्या दिवसांच्या शाकाहारी ताटाला बेयायनेतू म्हणतात, आणि मेन्यू कार्डावर त्याच्यापुढे "फास्टिंग" असे लिहिलेले असू शकते.

या "फास्टिंग"ने आमच्या एका काकूंना चांगलेच फसवले. दिल्लीला एकादशीच्या दिवशी त्यांनी उपवासाचे ताट म्हणून हौसेने ते मागवले, आणि समोर मसुराची डाळ, कांदा घातलेला कोबी आणि धान्याची धिरडी आल्यावर त्या पाणी पिऊन उठल्या. तो उपवास प्राणिजन्य पदार्थांचा आहे, धान्याचा नाही. तिथे साबुदाणा आणि भगर शोधू नये. गंमत अशी की नायजेरियाची गरी, जिच्यापासून एबा करतात, ती ज्या कंदापासून होते त्याच कसाव्यापासून आपला साबुदाणाही होतो. मग एबा उपवासाला चालेल का, हा वाद मी घरात काढून पाहिला आहे आणि इतरांनी काढू नये असे माझे मत आहे.

जेवणासाठी किमान दोन तास मोकळे हवेत. परतीची गाडी त्याच संध्याकाळी असेल तर जेवण दुपारी उरकावे, कारण पुष्कळसे पदार्थ मागणी आल्यावर भाजले जातात आणि केनियाकडचे न्यामा चोमा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले मटण, तासभर सहज घेते. असे काही मागवायचे असेल तर ते बसल्या बसल्या सर्वांत आधी सांगावे आणि बाकीचे नंतर.

टप्पा ५: मागवणे

आपल्याकडे प्रत्येकाने आपापली थाळी सांगण्याची सवय आहे. ती इथे महागात पडते. इथिओपियन ताट मुळातच दोघा-तिघांनी मिळून खाण्याचे असते. माझ्या भाच्याने चौघांसाठी चार ताटे मागवली आणि त्यांतली दोन आम्ही हात न लावता बांधून आणली. चार माणसांसाठी दोन ताटे मागवावीत, वर इंजेरा कमी पडला तर तो सुटा मागता येतो. नायजेरियन जेवणात उलट, रस्सा आणि गोळा प्रत्येकाचा वेगळा येतो, पण एक गोळा आपल्या दीड-दोन भाकरींएवढे पोट भरतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोघांत एक मागवून पाहावा.

मागवण्याचा क्रम असा ठेवावा: आधी वेळ लागणारे भाजलेले मांस, मग एक ओळखीचा पदार्थ, मग एक नवा. ओळखीचा पदार्थ म्हणून पश्चिम आफ्रिकेचा जोलोफ भात चालतो, टोमॅटो आणि लाल ढोबळी मिरचीच्या वाटणात शिजवलेला असल्याने तो लहान मुलेही खातात. अकारा मात्र अवश्य मागवावा. ही वाटलेल्या बरबटीची भजी आहेत, म्हणजे आपले बरबटीचे वडेच, फक्त त्यांना आपल्यासारखे डाळ जाडसर ठेवण्याचे प्रेम नाही. त्याच बरबटीचे वाटण वाफवले की मोई मोई होते, पण त्यात अंडे किंवा मासा घालण्याची पद्धत आहे, म्हणून विचारल्याशिवाय शाकाहारी माणसाने ती घेऊ नये.

शाकाहारी माणसांनी विचारण्याचे प्रश्न. "व्हेज आहे का" हा प्रश्न निरुपयोगी आहे. नायजेरियन स्वयंपाकात वाळलेल्या कोळंबीची पूड हा आपल्या गोडा मसाल्यासारखा नित्याचा घटक आहे, आणि पालेभाजीच्या रश्श्यातही ती पडते. मांसाचे तुकडे नसले की तो रस्सा त्यांच्या दृष्टीने भाजीचाच असतो. म्हणून चार गोष्टी नाव घेऊन विचाराव्यात: कोळंबीची पूड आहे का, सुकी मासळी आहे का, भात मांसाच्या पाण्यात शिजवला आहे का, आणि चवीसाठी चिकनच्या अर्काच्या वड्या (क्यूब) टाकल्या आहेत का. चारही उत्तरे "नाही" अशी आली तरच घ्यावे. घानाच्या टेबलावर शितो नावाची काळपट चटणी बाटलीत ठेवलेली असते, ती दिसायला आपल्या तिळाच्या चटणीची बहीण वाटते, पण तिच्यात सुकी मासळी आणि कोळंबी असते. नायजेरियन ठिकाणी निर्धास्त खाण्यासारखे म्हणजे तळलेले कच्चे-पिकले केळे. तेही त्याच तेलात मासे तळलेले नाहीत ना, हे विचारून.

माळकरी मंडळींसाठी मला आशादायक काही सांगता येत नाही. इथिओपियन रश्श्याची सुरुवातच बारीक चिरलेला ढीगभर कांदा मंद आचेवर तासनतास परतण्याने होते, आणि पश्चिम आफ्रिकेतही कांद्याशिवाय पान हलत नाही.

मांसाहारी माणसांनीही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. मेन्यू कार्डावर "बीफ" किंवा "सुया" (मसाला लावून काडीवर भाजलेले मांस) असे लिहिलेले असेल तर मांस कशाचे आहे हे स्पष्ट विचारावे. आपल्या शहरांत ते बहुधा म्हशीचे असते. न खाणाऱ्याने बकऱ्याचे किंवा कोंबडीचे नाव घेऊन मागवावे, आणि न आवडणारा प्रश्न विचारतो आहोत असा चेहरा करू नये. सुयाच्या मसाल्यात फल्लीदाण्याचे कूट असते आणि पश्चिम आफ्रिकेतल्या काही रश्श्यांचा आधारच दाणे आहेत, त्यामुळे ज्याला दाण्यांची ॲलर्जी आहे त्याने ते आधीच सांगावे.

सावधान: इथिओपियाचा कितफो हा पदार्थ कच्च्या किंवा अर्धकच्च्या खिम्याचा असतो. पहिल्या भेटीत मागवू नये. मागवायचाच असेल तर पूर्ण शिजवून द्या, असे सांगता येते आणि ते तसे देतात.

सावधान: "आम्ही सावजी खाणारे" हे वाक्य वेटरसमोर उच्चारू नये. पश्चिम आफ्रिकेतली गोल मिरची आधी सुगंध देते आणि तिखटपणा मागाहून, घास गिळल्यावर येतो, तोवर माणसाने दुसरे तीन घास खाल्लेले असतात.

टप्पा ६: ताट समोर आल्यावर

हात धुवावेत. पुष्कळ ठिकाणी पाणी टेबलापाशीच आणतात. सगळे जेवण उजव्या हाताने करायचे असते, या बाबतीत आपल्याला नवे काही शिकायचे नाही.

इंजेरा गार असतो. तो शिळा नसतो. तव्यावरची गरम भाकर खाणाऱ्याला हे पटणे जड जाते, पण भाजल्यावर निवू दिल्याशिवाय तो घडी घालण्याजोगा होत नाही. आंबटपणाही पीठ आंबल्याचा आहे. आंबील आवडीने पिणाऱ्याला तो दोन घासांत अंगवळणी पडतो. याला खराब समजून परत पाठवणारे लोक मी पाहिले आहेत आणि परत पाठवलेले ताट आतल्या खोलीत त्या हॉटेलचा मालक स्वतः जेवतानाही पाहिला आहे.

खाण्याची रीत अशी आहे. बाजूला गुंडाळून ठेवलेल्या इंजेराचा तळहाताएवढा तुकडा तोडावा, तो भाजीवर पसरून बोटांनी चिमटावा आणि भाजीसह उचलावा. भाजी बोटांना लागू न देणे ही सफाई आहे, आणि ती पहिल्या दिवशी येत नाही. भाज्यांखाली ताटात अंथरलेला इंजेरा सुरुवातीला तोडू नये. सगळ्या रश्श्यांचा रस त्यात मुरत असतो आणि तो शेवटी खायचा असतो; तिथपर्यंत पोटात जागा ठेवणे ही ज्याची त्याची जबाबदारी आहे. प्रत्येकाने ताटाच्या आपल्या बाजूनेच खावे, समोरच्याच्या ढिगात हात घालू नये.

इथे उष्ट्याचा प्रश्न येतो आणि तो घरातल्या मोठ्या माणसांसाठी खरा प्रश्न असतो. एका ताटात जेवायला ज्यांना संकोच वाटतो त्यांच्यासाठी हात लागण्यापूर्वीच वेगळी ताटली मागून घ्यावी आणि चमच्याने त्यांचा वाटा काढून द्यावा. मागून घेण्यात अपमान कोणाचाच नाही. एखादा इथिओपियन यजमान सोबत असेल तर तो स्वतःच्या हाताने घास करून तुमच्या तोंडात घालू शकतो, त्याला गुरशा म्हणतात आणि तो मानाचा घास आहे. लग्नात आपण विहिणीला भरवतो, त्यातलाच हा प्रकार. तोंड फिरवू नये.

फुफू किंवा एबाची रीत निराळी आहे. गोळ्यातून लिंबाएवढा, किंबहुना त्याहून लहान भाग तोडावा, बोटांनी गोल करावा, अंगठ्याने त्यात खळगा पाडावा, त्या खळग्यात रस्सा घ्यावा आणि फारसे न चावता गिळावा. तिथले लोक या सगळ्या गोळ्यांना मिळून इंग्रजीत "स्वॅलो" म्हणतात ते त्यामुळेच. आपली माणसे तो भाकरीसारखा चावत बसतात, मग तो दातांना चिकटतो आणि चव नाही अशी तक्रार येते. चव रश्श्यात असते आणि गोळ्याने ती घशापर्यंत नेऊन पोचवायची असते. ज्याला गिळणे जमत नाही त्याने खुशाल चावावे, पण घास लहान ठेवावा.

रश्श्यांविषयी तीन गैरसमज वारंवार होतात. वर तरंगणारा लाल तवंग पाहून आपल्याला तर्री वाटते आणि जपून खाल्ले जाते. ते लाल पाम तेल असते, त्याचा रंग त्याचा स्वतःचा आहे, मिरचीचा नव्हे. जपायचे ते पोटाला, कारण पहिल्यांदा खाणाऱ्याला ते जड जाते. दुसरा गैरसमज एगुसीचा. कलिंगडाच्या जातीच्या एका फळाच्या बिया दळून हा रस्सा करतात, शिजल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या हुबेहूब अंड्याच्या भुर्जीसारख्या दिसतात, पण त्यात अंडे नसते. तिसरा भेंडीचा. आपण भेंडी पुसून, वाळवून, ताक घालून तिची तार मोडतो. तिथे तार यावी म्हणूनच भेंडी घालतात, आणि ती लांबत जाणारी तार पाहून रस्सा नासला असे समजू नये. घास ताटलीच्या कडेवर टेकवून फिरवला की तार तुटते.

तपासा: मंडळींपैकी कोणी फक्त पाणी पीत बसले आहे का ते जेवण सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी पाहावे. असे माणूस सापडले तर वाद न घालता जोलोफ भात किंवा उगाली-भाजी मागवून द्यावी.

शेजारच्या टेबलांविषयी एक सूचना करणे भाग आहे. तिथे जेवणारे बहुतेक लोक घरापासून फार दूर शिकायला किंवा कामाला आलेले असतात आणि ते आपल्या गावची भाकर खायला आलेले आहेत. त्यांच्याकडे टक लावून पाहू नये, न विचारता त्यांचे फोटो काढू नयेत आणि मराठीतही त्यांच्याविषयी शेरे मारू नयेत, कारण सूर कोणत्याही भाषेत कळतो. बोलायचेच असेल तर कोणता देश, हे विचारावे. इथिओपियन माणसाला "अमेसेग्नालेहु" आणि केनियाच्या माणसाला "असान्ते" म्हटले की आभार पोचतात.

टप्पा ७: कॉफी आणि सरबत

इथिओपियन कॉफीचा साग्रसंगीत विधी सगळीकडे होत नाही, त्यामुळे फोनवरच विचारून ठेवावे लागते. त्यात कच्च्या बिया समोर भाजतात, धूर वासासाठी तुमच्यापुढे आणतात, मग त्या कुटून जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या भांड्यात उकळतात. एकाच पुडीवर पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात, त्यांची नावे अबोल, तोना आणि बराका. सोबत लाह्या देतात. पहिली फेरी घेऊन उठणे बरे दिसत नाही, म्हणून वेळ नसेल तर विधी मागवूच नये, साधी एक कप कॉफी घ्यावी. दूध मागू नये. रात्री नऊनंतर ही कॉफी घेतली तर काझीपेठपर्यंत डोळा लागत नाही, हा माझा अनुभव.

कॉफी न पिणाऱ्यांनी नायजेरियात झोबो, सेनेगलात बिस्साप आणि सुदान-इजिप्तकडे करकदे म्हणतात ते लाल सरबत मागावे. ती आपली लाल अंबाडीच आहे, बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या उकळून केलेली. ज्या घरी अंबाडीची भाजी आणि बोंडांची चटणी होते त्या घरच्या बाईला एक घोट दिला की ती लगेच ओळखते. माल्टच्या काळपट बाटल्या बिअरसारख्या दिसतात, पण त्यात मद्य नसते. तेज मात्र मधाची दारू आहे, ती मुलांच्या समोर मध म्हणून येऊ देऊ नये.

टप्पा ८: बिल आणि पार्सल

बिल आल्यावर फोनवर सांगितलेल्या किमतीशी ताडून पाहावे आणि माणसांच्या संख्येऐवजी ताटांची संख्या मोजावी. सेवा शुल्क आपोआप जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले आहे. जोडलेले असेल तर शांतपणे काढून मागावे. नाहीच ऐकले तर १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइन आहे. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असणे १ जानेवारी २०२२ पासून आवश्यक आहे, तोही एकदा पाहून घ्यावा. सेवा मनासारखी झाली असेल तर बक्षिसी हातात द्यावी.

पार्सल बांधताना कोरडे आणि ओले वेगळे करावे. नुसता इंजेरा घडी घालून, कापडात गुंडाळून आणला तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चांगला राहतो. रस्से मात्र, विशेषतः मांसाचे, गाडीत नेऊ नयेत. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि डब्यातला रस्सा आदिलाबाद ओलांडण्याआधी आंबतो. उरलेला रस्सा मुक्कामाच्या ठिकाणी नीट उकळून त्याच रात्री संपवावा, नाहीतर तो मागवतानाच कमी मागवावा.

अशा वस्त्यांत हॉटेलाच्या आसपास किराणाचे लहान दुकान असते. तिथून गरीचे पाकीट आणायचे असेल तर त्याच्यावरची तारीख पाहावी, आणि घरी एबा करताना गरी कधीही चुलीवरच्या भांड्यात टाकू नये. परातीत खळखळ उकळते पाणी घ्यावे, वरून गरी एकसारखी पेरावी, पाच मिनिटे झाकून ठेवावी आणि मग लाकडी उलथन्याने घोटावी. पाणी कोमट असेल तर रवाळ राहते, आणि जास्त पडले तर पुन्हा गरी घालून सुधारत नाही.